अण्णांचा एकच अपघात

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा माझी एसटी मागे गेली. पुढे जायचं सोडून सरळ मागे. टेबलावरच्या पाण्याच्या तांब्यावर आदळली, तांब्या माझ्या मांडीवर आला, आणि आठ महिने खपून प्लास्टिकच्या ठोकळ्यांची गाडी जोडणारा पन्नाशीचा कारकून आपल्याच घराच्या पडवीत ओल्या लेंग्याने उभा राहिला. खुर्चीत अण्णा बसले होते, माझे वडील. त्यांनी आधी लेंग्याकडे बघितलं, मग गाडीकडे, आणि म्हणाले, "क्राऊन उलटा बसवलास. काढ आणि दुसऱ्या अंगाने लाव."

क्राऊन म्हणजे मागच्या आसावरचं दातेरी चाक. मोटरकडून येणारं छोटं चाक त्याला फिरवतं. मोठं चाक छोट्याच्या या बाजूला बसवलं तर गाडी पुढे जाते, त्या बाजूला बसवलं तर मागे. अण्णांनी आयुष्यात असलं खेळणं स्वतः जोडलेलं नव्हतं, पण खऱ्या गाडीच्या पोटात काय असतं ते त्यांना पाठ होतं. मी क्राऊन काढला, दुसऱ्या अंगाने लावला. गाडी पुढे गेली.

हा किस्सा मी ऑफिसात सांगितलाय, लग्नांत सांगितलाय, एकदा तर कुणाच्या तरी तेराव्याला पंगतीत सांगितलाय. लोक हसतात. मीही हसतो – आणि बरोबर तिथेच थांबतो. त्या गाडीचं पुढे काय झालं असं कुणी विचारलंच, तर "पडली, मोडली, प्लास्टिकच ते" म्हणतो आणि चहा घेणार का विचारतो.

पुढचं मी एकालाही सांगितलेलं नाही. संध्याला, माझ्या बायकोलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू – तुम्ही माझं तोंड बघू शकत नाही म्हणून. एवढीच माझी हिंमत.

पण आधी अण्णा कोण होते ते सांगायला हवं. नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला फारच किरकोळ वाटेल. तसं वाटलं तर मला बरंच वाटेल, ही भीती आहे.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं. बहुतेक वर्षं रत्नागिरी–कोल्हापूर. म्हणजे हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, मग आंबा घाट. पावसात, धुक्यात, दरड आलेली असताना. या एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही अपघात झाला नाही. "कोंबडीसुद्धा नाय मारली," असं ते म्हणायचे. त्याबद्दल डेपोने त्यांना एक बिल्ला दिला होता, शर्टाच्या खिशावर लावायचा. आमच्या घरात देवाच्या चांदीच्या वाटीला जेवढा मान नव्हता तेवढा त्या बिल्ल्याला होता. दर दसऱ्याला तो चिंचेने घासला जायचा.

आणि मला हे वडील मिळाले कधी? लहानपणी ते नेहमी वस्तीच्या गाडीवर. संध्याकाळी जायचे, दुसऱ्या गावाला मुक्काम, परत यायचे तेव्हा मी शाळेत. वडील घरी आलेत हे मला दोरीवरच्या खाकी कपड्यांवरून कळायचं. कपडे ओले असले तर आहेत, सुकले असले तर गेले. त्यांच्याशी बोलायचं काय हेच मला कधी कळलं नाही. पुढे मी नोकरीला लागलो, रत्नागिरीत एका कचेरीत. ते निवृत्त झाले, पालीत रस्त्याला लागून चिऱ्याचं घर बांधलं, पडवीत खुर्ची टाकून बसले. गाडी गेली की नुसत्या आवाजावरून सांगायचे, गिअर कुणी चुकवला.

मग त्यांच्या हातांना कंप सुटला. आधी बशी वाजायला लागली. मग सही हलली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, म्हणाले, हळूहळू वाढेल. अण्णा चहा कपाने न पिता पेल्याने प्यायला लागले.

ठोकळ्यांचा नाद मला मुलीमुळे लागला, असं मी सांगतो. तेही पूर्ण खरं नाही. खोका मी तिच्यासाठी आणला, तिने दोन दिवस खेळून बाजूला ठेवला, ती शिकायला पुण्याला गेली, आणि मी एका रविवारी तो सहज उघडला. सहज! त्या रविवारी संध्याने तीन वेळा जेवायला हाक मारली. मी ट्रॅक्टर जोडला. मग क्रेन. मग मोटर आणली, बॅटरीचा डबा आणला, लांबून चालवायचा रिमोट आणला. आमच्या ऑफिसात लोकांना जमिनींची नाहीतर शेअरची आवड. माझ्या बॅगेत दातेरी चाकं. संध्या शेजारणीला सांगायची, "आमच्याकडे लहान मूल नाही कसं? आहे की. टक्कल पडलेलं आहे फक्त."

मग मनात आलं, अण्णांची गाडी करावी. त्यांच्या वेळची. लाल, मागे टपावर चढायची शिडी असलेली, ड्रायव्हरला वेगळं दार असलेली. याचं जोडणी दाखवणारं चित्रांचं पुस्तक मिळत नाही. सगळं डोक्याने. मी विचारायचो, अण्णा सांगायचे. घंटीची दोरी कुठून कुठवर जायची. स्टेअरिंग किती सैल असायचं. मी ठोकळे जोडायचो, ते शेजारी खुर्चीत बसून बारीक तुकड्यांचं ताट मांडीवर धरायचे. हात हलायचा, ताट हलायचं, बारीक तुकडे खाली बसायचे, मोठे वर यायचे. "बग," म्हणायचे, "माजा हात म्हंजे चाळण. निवडायचं काम नाय तुला."

आठ महिने. रोज संध्याकाळचा तास आणि रविवारची अख्खी दुपार. ते बोलायचे आणि मी ऐकायचो. घाटात एकदा बाळंतीण अडली ती गोष्ट, साखरप्याला फणस चढवला आणि पिकून फुटला ती गोष्ट. माझ्या सगळ्या लहानपणी त्यांनी मला जेवढी वाक्यं दिली नसतील तेवढी त्या आठ महिन्यांत दिली. आता रात्रंदिवस मी मागतो ती तीच संध्याकाळ – गाडी अजून अर्धी, चाकं बसायची बाकी, आणि मांडीवरच्या ताटात खळखळ आवाज.

तर, गणपती आले. आमच्याकडे गौरी-गणपती. त्या वर्षी देखावा माझा. तीन टेबलं एकावर एक, त्यावर पुठ्ठ्याचा आंबा घाट, अंगणातल्या चिऱ्याचा भुगा चिकटवून केलेली लाल दरड, तीन वळणं. खालून पालीहून गाडी निघणार, वळणं घेत गणपतीच्या पायाशी माथ्यावर पोचणार, वळून परत येणार. आदल्या दिवशी मी रिमोट अण्णांच्या हातात दिला. म्हटलं, तुमची गाडी, तुम्ही काढा.

गाडी निघाली ती अडखळत. अण्णांचा अंगठा बटणावर थरथरायचा आणि गाडी तेवढ्याच वेळा थांबायची, सुटायची, थांबायची. पुढची चाकं डावी-उजवी डावी-उजवी. दुसऱ्या वळणावर एक चाक हवेत गेलं आणि मी गाडी झेलली. अण्णांनी रिमोट मांडीवर ठेवला. "गाडी हलकी हाय," म्हणाले. "माजा अंगठा जड." आणि हसले. ते हसणं – जाऊ दे.

मी दुसऱ्या दिवशी पहाटे एक युक्ती केली. ती गाडी रिमोटचं ऐकते तशी मोबाईलचंही ऐकते. मात्र एका वेळी एकाचंच. मोबाईल जोडला की रिमोट बहिरा. फक्त रिमोटवरचा एक बारीक दिवा लुकलुकत राहतो, कुणी घेतं का मला म्हणून. त्या दिव्यावर मी गणपतीचं एक गोल स्टिकर चिकटवलं. मग अण्णांना म्हटलं, "आत बदल केलाय. आता हलक्या हाताने चालते." त्यांनी स्टिकर बघितलं, रिमोट कपाळाला लावला, आणि अंगठा टेकवला. मी दारात उभा, हातात मोबाईल, मान खाली. हल्ली मोबाईलमध्ये मान घालून उभ्या माणसाचा संशय कोण घेतो?

गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली.

हे का केलं? दया आली म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. आठ महिन्यांची गाडी फुटू नये म्हणूनही असेल. पण हे मी कबूल करायला बसलेलो नाही. हे तुम्ही कदाचित चांगलंच म्हणाल. थांबा.

पहिले चार दिवस – मला शब्द सापडत नाही. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघायचो आणि तो जे करेल ते लगेच मागोमाग करायचो. दुसऱ्या दिवसापर्यंत मला बघावंही लागेना. वळणाच्या आधी अण्णा एक श्वास आत घ्यायचे, नाकातून, बारीक आवाज करून. तो ऐकला की मी वळवायचो. एकतीस वर्षं त्या घाटात हा माणूस असाच श्वास घेत असणार, आणि मी तेव्हा कुठे होतो, दोरीवरचे कपडे बघत. आता मी त्यांच्या सोबत घाट चढत होतो. त्यांना ते माहीत नव्हतं, एवढंच.

आणि अण्णा फुलले. पांढरा शर्ट, खिशावर बिल्ला. त्यांच्याबरोबर पुष्कळ वर्षं काम केलेले साळवी कंडक्टर रोज यायला लागले, ते पूजेची घंटा दोनदा वाजवायचे आणि ओरडायचे, "चला, कोल्हापूर कोल्हापूर!" अण्णा गाडी काढायचे. "पाली... नाणीज... साखरपा दहा मिनटं, चाय पिऊन घ्या... घाट लागला, हात आत!" आरतीला आलेले लोक पडवीपर्यंत उभे राहायचे. कुणीतरी म्हणालं, अण्णा, हात एवढा हलतोय आणि गाडी बघा कशी जाते! अण्णा म्हणाले, "हात हलू दे. गाडीला माणूस कळतो."

त्या चार दिवसांत ते स्वतःच्या हाताने दाढी करायला लागले. एकदा तुळशीला तांब्याने पाणी घातलं आणि थेंब सांडला नाही. मला हाक मारून दाखवलं.

आता पाचवा दिवस. तो लिहायचा म्हणून मी मघापासून तुम्हाला इकडे तिकडे फिरवतोय हे तुमच्या लक्षात आलं असेल.

दुपार होती. माझ्या ऑफिसातले लोक रत्नागिरीहून मुद्दाम आले होते, साहेबांसकट. मीच बोलावलं होतं. का, ते उघड आहे – माझी गाडी त्यांना दाखवायची होती. एक बातमीदार मुलगीही आली होती, गावोगावचे देखावे मोबाईलवर टिपत फिरणारी. साळवींनी घंटा वाजवली, गाडी निघाली. सगळे वा वा करायला लागले. अण्णांकडे बघून. साहेब त्यांच्या पाया पडले. त्या मुलीने मोबाईल त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, "आजोबा, गाडी बनवली कुणी?"

अण्णांनी नजर घाटावरून काढली नाही. म्हणाले, "जोडली आमच्या सुध्याने. जोडायला काय, चित्रं बघून कोण पण जोडील. चालवायची ती कला."

लोक हसले. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "काय सुधाकरराव, वडिलांपुढे नापास!"

चित्रं बघून? कुठली चित्रं? डेपोत जाऊन मी जुन्या गाडीच्या खिडक्या मोजल्या होत्या. मागच्या शिडीसाठी तीन रविवार घालवले होते. आणि चालवत कोण होतं? वडिलांचा तो विनोद होता. ते असंच बोलायचे, आठ महिने असंच बोलत होते आणि मला ते गोड लागत होतं. लोकांसमोर बोलले तेव्हा गोड लागलं नाही. पन्नास वर्षांचा माणूस मी – प्लास्टिकच्या गाडीवरून सत्तरीच्या बापाचा हेवा केला.

गाडी तिसऱ्या वळणाला आली होती, सगळ्यांत वरच्या. अण्णांनी श्वास घेतला. मी वळवली नाही.

माझा अंगठा निसटला, असं इथे लिहायचा मोह मला तीनदा झाला. निसटला नाही. अण्णांनी श्वास घेतला, तो मी ऐकला, आणि मी पुढे जायचं बटण पूर्ण दाबून धरलं. किती वेळ? तुम्ही एक-दोन म्हणाल तेवढा. त्यात थांबायला भरपूर वेळ होता. काय हवं होतं मला? गाडी जरा डगमगावी. लोकांनी जरा गप्प बसावं. काहीतरी असंच. एवढ्याशा जागेत डगमगणं आणि पडणं यात किती अंतर असतं हे गाडी बनवणाऱ्याला माहीत नव्हतं, असं कुणी मानू नये.

गाडी माथ्यावरून खाली आली, फरशीवर. शिडी समईखाली गेली, एक चाक मोदकांच्या ताटापर्यंत गडगडत जाऊन थांबलं. सगळे गप्प. अण्णा फुटलेल्या गाडीकडे बघत नव्हते. ते आपल्या अंगठ्याकडे बघत होते. अंगठा अजून बटणावर होता आणि हलत होता.

त्या क्षणी नुसतं "रिमोट बिघडला वाटतं" म्हटलं असतं तरी चाललं असतं. खरं सोडा, एक साधी खोटी गोष्ट बोलायची होती, आणि खोटं तर मी पाच दिवस बोलतच होतो. पण मी काय म्हणालो? पुढे झालो, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणालो, "असू दे अण्णा. होतं असं. जोडेन मी परत."

मी त्यांना माफ केलं! सगळ्यांच्या देखत. संध्याच्या डोळ्यांत पाणी आलं, किती समजूतदार नवरा म्हणून.

साळवी म्हणाले, "अण्णा, प्रवासी सगळे सुखरूप. एक पण तक्रार नाय." कुणी कुणी हसलं. अण्णांनी खिशावरचा बिल्ला काढायला घेतला. पिन निघेना. आम्ही सगळे बघत उभे. मदत करायला पुढे व्हायची कुणाची छाती झाली नाही. अखेर निघाला. तो त्यांनी गणपतीपुढे ठेवला आणि मला म्हणाले, "सुध्या, कागद घे. रिपोर्ट लिही."

गाडीला काही झालं की ड्रायव्हरने आधी रिपोर्ट लिहायचा, ही त्यांची शिस्त. दुसऱ्यांच्या अपघातांचे रिपोर्ट त्यांनी पुष्कळ बघितले होते, कसा लिहितात ते पाठ होतं. आलेल्या लोकांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मी कागद आणला. माझं अक्षर चांगलं आहे, ऑफिसात सगळे म्हणतात. अण्णा सांगत गेले, मी लिहीत गेलो. मार्ग – रत्नागिरी ते कोल्हापूर. ठिकाण – आंबा घाट, वरचं वळण. वेळ – दुपारचे तीन. हवा – स्वच्छ. जीवितहानी – नाही.

"कारण?" मी विचारलं. मी विचारलं हो, पेन हातात धरून.

साळवी म्हणाले, "लिही रे, ब्रेक निकामी."

"ब्रेकाला काय झालं? ब्रेक चांगला व्हता," अण्णा म्हणाले. "गाडीत काय पण दोष नव्हता. पोराने जोडलेली गाडी हाय, तिला नावं नको. लिही – चालकाची चूक."

मी लिहिलं. वळणदार अक्षरात. अण्णांनी खाली सही केली. मला कागद दोन्ही हातांनी दाबून धरावा लागला. तो कागद माझ्या कपाटात आहे.

त्या मुलीने टिपलेला व्हिडिओ त्या वर्षी गावभर फिरला. लोक मला पाठवायचे, हसऱ्या तोंडांसकट. त्यात मीही दिसतो, डाव्या कोपऱ्यात, दारात, मोबाईलमध्ये मान घालून. कुणाचं लक्ष गेलं नाही. जाणार तरी कसं, सगळे अण्णांचा हात बघत होते.

नंतर अण्णा स्वतःच तो किस्सा सांगायचे. "एकतीस वर्षांत एकच अपघात, तो पण घरात, गणपतीम्होरं." लोक हसायचे. पण दाढीला न्हावी यायला लागला. तुळशीला पाणी संध्या घालायला लागली. पडवीतली खुर्ची त्यांनी आत घ्यायला लावली; गाड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणाले. मी अकरा दिवसांत गाडी पुन्हा जोडली, स्टिकर काढलं, खरा चालणारा रिमोट त्यांच्यापुढे धरला. "तू चालव," म्हणाले. "मी बगतो." बघितली. एकही थांबा पुकारला नाही.

त्यानंतर अण्णा दोन वर्षं होते. दोन वर्षं रोज मी ऑफिसातून स्कूटरवर घरी यायचो. हातखंब्याला वळलो की ठरवायचो, आज सांगायचं. पाली दिसेपर्यंत पहिलं वाक्यसुद्धा तयार असायचं. घरात शिरलो की अण्णा विचारायचे, "हातखंब्याचे खड्डे बुजवले काय रे?" मी म्हणायचो, बुजवतायत. झालं, तेवढंच बोलणं. रोज.

एकदा तर त्यांनी मला सरळ दार उघडून दिलं. एक दिवस आपला हात समोर धरून बघत बसले होते. म्हणाले, "सुध्या, चार दिवस हात चालला. लोण्यासारका चालला. मग पाचव्या दिवशी काय झालं असंल रे?"

त्या प्रश्नाचं उत्तर जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि बरोबर त्यालाच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "दमला असाल, अण्णा."

"असंल," म्हणाले.

ते गेले त्याला आता तीन वर्षं झाली. गाडी आहे. कधी रविवारी पडवीत काढतो, सपाट फरशीवर. ती चांगली चालते, मीच जोडली आहे. वळवायची वेळ आली की मी थांबतो, शेजारून श्वास ऐकू येण्याची वाट बघतो. मग गाडी भिंतीला जाऊन टेकते आणि तिथेच चाकं फिरवत राहते.

मी वाईट मुलगा नव्हतो, औषधं वेळेवर आणायचो, वगैरे लिहिलेलं एक पान मी आत्ताच फाडून टाकलं. त्याचा इथे संबंध नाही. माझ्या बापाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास मी एका अंगठ्याने काढून घेतला, त्याचा खोटा रिपोर्ट माझ्या अक्षरात लिहिला, आणि त्याने विचारलं तेव्हा पुन्हा खोटं बोललो. एवढं आहे.

हे लिहून झाल्यावर आज सकाळी कागद संध्याला नेऊन दिले. ती विळीवर बसून नारळ खवत होती. हात पुसून तिने सगळं वाचलं, एक पान मागे जाऊन पुन्हा वाचलं. कागद नीट जुळवून माझ्याकडे दिले आणि परत खवायला लागली. मी उभाच. हातातली वाटी खवून झाली तेव्हा मान वर न करता बोलली.

"गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी जेवण भरवायचे त्यांना. दुपारचं तुम्ही ऑफिसात असताना, रात्रीचं तुम्ही यायच्या आधी, सुट्टीच्या दिवशी आतल्या खोलीत दार लोटून. सुध्याला सांगू नको म्हणायचे. मला वाटलं, दुखणं वाढलं." तिने करवंटी बाजूला ठेवली. "दोन वर्षं, अहो. एकदासुद्धा म्हटलं नाही मी, की अण्णा, आज हाताने जेवून बघा."